उत्तर आधी, प्रश्न नंतर

१

मिरचीच्या शेडनेटमध्ये मादीच्या रांगा जागेवर होत्या. नराच्या रांगा नव्हत्या.

महादेवराव दारातच उभे राहिले. बुलढाण्याच्या कोर्टात त्या गुरुवारी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातल्या अपिलाची तारीख होती. ती पुढे ढकलली गेली, आणि दिवसभराची धूळ अंगावर घेऊन ते एसटीने डोणगावला उतरले होते. घरी न जाता थेट प्लॉटवर आले, कारण रोज संध्याकाळी एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जाळीच्या उजव्या अंगाला, जिथे सकाळी नराची कमरेएवढी झाडं होती, तिथे आता नुसती भुसभुशीत माती होती.

हा संकरित बियाण्याचा प्लॉट होता. अशा प्लॉटमध्ये नराची झाडं एका बाजूला लावतात आणि मादीची दुसऱ्या बाजूला. नराच्या फुलांतला पराग डबीत गोळा करायचा आणि मादीच्या एकेका फुलाला हाताने लावायचा. या कामाला गावात सगळे क्रॉसिंग म्हणतात, आणि त्यावर बायकांच्या टोळ्या दोन-अडीच महिने राबतात. क्रॉसिंग संपलं की नर उपटून टाकायचे, म्हणजे बियाण्यात भेसळ होत नाही. महादेवरावांच्या प्लॉटमध्ये क्रॉसिंग अजून निम्मंही झालं नव्हतं.

प्लॉटवर राहणारा गडी गोकुळ हात पुसत पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सरांनी सांगितलं म्हणून उपटले, असं तो म्हणाला. फोन करून तुम्हालाही विचारणार होतो, दोनदा लावला, तुम्ही उचलला नाही.

सर म्हणजे शेखर. बियाण्याच्या कंपनीचा हा माणूस मेहकर-लोणार पट्ट्यातले कितीतरी प्लॉट एकटा सांभाळायचा. महादेवरावांनी तिथूनच फोन लावायचा प्रयत्न केला. त्या खोलगट भागात रेंज मिळत नसे, म्हणून ते धुऱ्यावर चढले. शेखर पलीकडून म्हणाला की नर उपटायला आपण गोकुळला मुळीच सांगितलेलं नाही. ग्रुप उघडून पाहा.

महादेवरावांनी ग्रुप उघडला. 'मिरची प्लॉट डोणगाव' या ग्रुपवर सकाळी शेखरचं उत्तर होतं: "हो. आजच सगळे उपटून टाका. एकही ठेवू नका." पण ते भागवत या दुसऱ्या प्लॉटवाल्याच्या प्रश्नाखाली होतं. भागवतचं क्रॉसिंग संपलं होतं आणि नर काढू का, असं त्याने विचारलं होतं. गोकुळचा प्रश्न खूप खाली होता, दुपारनंतर आलेला. सोबत एक फोटो होता आणि त्याखाली ओळ होती: "सर, नरावर कोकडा दिसून राह्यला. झाडं काढू का?"

कोकडा म्हणजे मिरचीची पानं गोळा करणारा रोग. प्रश्न दुपारनंतरचा, आणि टोळीतल्या बायका सांगत होत्या की उपटायचं काम दुपारच्या आतच आटोपलं होतं. फोटोतली झाडं मात्र ताठ उभी होती.

"आधी उपटले, मंग जुना फोटो टाकून विचारल्याचं नाटक केलं," महादेवराव म्हणाले.

गोकुळने खिशातून आपला फोन काढला आणि पुढे धरला. "भाऊ, पाहा तं खरं. मी आधी विचारलं."

"तुया फोनात काय येगळा ग्रुप हाय? माह्यातही तोच हाय." महादेवरावांनी त्या फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी खोली रिकामी करायची, असं त्यांनी सांगितलं. सोमवारी कंपनीचे मोठे साहेब येणार होते आणि शेखर त्यांना लिहून देणार होता की प्लॉट गड्याने मुद्दाम बिघडवला. एकदा ते लिहिलं गेलं की या भागातल्या कुठल्याही शेडनेटच्या दारात गोकुळला कोणी उभं करणार नव्हतं. आणि दुसरं कोणतंही काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

२

वच्छलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या ओसरीवरची शाळा सुटली नव्हती. दुपारी चारनंतर गल्लीतली मुलं सतरंजीवर बसत. बाई त्यांच्याकडून वाचून घेत आणि चार ओळी लिहून घेत. मारणं नाही, ओरडणं नाही. चुकलेलं पोराला स्वतःला सापडेपर्यंत त्या वाट पाहत. त्याला कधीकधी फार वेळ लागे, आणि तेवढा वेळ त्या देत.

शुक्रवारी मुलं गेल्यावर गोकुळची बायको पुष्पांजली आली. ती टोळीत क्रॉसिंगचंच काम करायची. आल्याआल्या तिने सगळं सांगितलं, आढेवेढे न घेता, आणि शेवटी म्हणाली की महादेवभाऊ तुमच्या हाताखाली शिकलेले आहेत, तुमचं ऐकतील.

"माझं ऐकून काय होणार?" बाई म्हणाल्या. "गोकुळ खरं बोलतो हे आधी मला कळायला पाहिजे. मग महादेवला."

"तो खोटं बोलत नाही, बाई."

"तू त्याची बायको आहेस. तुझं म्हणणं मी ऐकलं. आता बाकीच्यांचं ऐकते."

बाई ग्रुपमध्ये नव्हत्या. शेजारी राहणाऱ्या भागवतला त्यांनी हाक मारली, आणि तो चहाचा कप हातात घेऊनच आला. त्याच्या फोनवर त्यांनी त्या दिवसाचं सगळं संभाषण वरून खालपर्यंत सावकाश वाचलं. भागवतचा प्रश्न. शेखरचं उत्तर. त्याखाली चार-पाच जणांचे अंगठे. एकाने पाठवलेलं गुलाबाचं फूल. दुसरे प्लॉटवाले रंगराव यांची एक अर्थ न लागणारी ओळ. कोणाची तरी फवारणीबद्दलची शंका. आणि बऱ्याच खाली गोकुळचा फोटो. त्याला कोणीच उत्तर दिलं नव्हतं. सर्वांत शेवटी, संध्याकाळी, महादेवरावांनी लिहिलं होतं की गोकुळ खोटारडा आहे.

महादेवराव म्हणत होते तसंच सगळं होतं. उत्तर आधी होतं आणि प्रश्न नंतर.

"शेखरला फोन करून का नाही विचारलं गोकुळने?" बाईंनी विचारलं.

भागवत म्हणाला की सरांना फोन चालत नाही. ग्रुपवर विचारा, म्हणजे सगळ्यांना एकदाच कळतं, असा त्यांचा नियम आहे. आणि एवढे प्लॉट म्हटल्यावर फोन तरी किती जणांचे उचलणार.

बाईंनी परत वर सरकवलं. शेखरच्या उत्तराच्या लगेच खाली त्यांना एक फिकट ओळ दिसली. त्या जागी एक संदेश होता आणि तो पाठवणाऱ्यानेच पुसून टाकला होता.

पाठवणारा शेखर होता.

३

शनिवारी सकाळी शेखर भागवतच्या प्लॉटवर आला तेव्हा वच्छलाबाई तिथे बाजेवर बसलेल्या होत्या. हा पस्तिशीतला, धावपळीचा आणि मनाने वाईट नसलेला माणूस. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला आणि पुढचे दोन प्रश्न नीट ऐकून उत्तरं दिली. गोकुळचा फोटो त्याने संध्याकाळीच पाहिला. दिवसभर मोटारसायकलवर असतो, शे-दीडशे संदेश येतात, सगळे कुठे वाचून होतात. गोकुळला त्याने काहीही सांगितलेलं नव्हतं.

"आणि पुसलेल्या संदेशात काय होतं?"

शेखरचा चेहरा बदलला. "काही नाही बाई. चुकून गेला होता."

"कोणाला?"

"ते राहू द्या ना."

बाई थांबल्या. मुलं जेव्हा पाटी मागे लपवतात तेव्हाही त्या अशाच थांबत. शेखर दोनदा घड्याळाकडे पाहून उठला. सोमवारी साहेबांना काय लिहून द्यायचं ते आपलं ठरलेलं आहे, असं म्हणाला आणि गाडीला किक मारली.

गाडी दूर गेल्यावर भागवत खो खो हसायला लागला.

"बाई, तो मेसेज मी पाह्यला होता. पुसायच्या आधी."

"मग काल का नाही बोललास?"

"तुमच्यासमोर कसं सांगू?" भागवतने डोकं खाजवलं. "लिवलं होतं, 'राणी, रागावू नको, आज लवकर येतो.' मिरचीवाल्यायच्या ग्रुपवर. रंगरावभाऊनं लगेच लिवलं, 'या सर, वाट पाहून राह्यलो.'"

रंगरावांचं उत्तर खाली होतं, बाईंनी ते वाचलंही होतं आणि त्याचा अर्थ त्यांना लागला नव्हता. आता लागला. शेखरने घरच्या भांडणाचा निरोप चुकून ग्रुपवर टाकला होता, एवढंच. गोकुळशी त्याचा काही संबंध नव्हता.

म्हणजे शेखर खरं बोलत होता. आणि शेखर खरा असेल तर गोकुळ खोटा ठरत होता.

बाईंनी पदर सावरला आणि त्या भागवतला म्हणाल्या की मला महादेवच्या प्लॉटवर सोड. मला ती झाडं पाहायची आहेत.

"झाडं कुठी राह्यली आता? उपटली ना."

"उपटलेली झाडं कुठेतरी असतीलच ना, भागवत."

४

भागवतच्या धुऱ्यावर त्याचे स्वतःचे उपटलेले नर पडले होते. वाळलेले, शेळ्यांनी अर्धवट कुरतडलेले. काम झालेले नर सगळे असेच टाकतात. बाईंनी जाताजाता ते नीट पाहून घेतले.

महादेवरावांच्या धुऱ्यावर एकही झाड नव्हतं.

भागवत त्यांना वरच्या रस्त्यावर सोडून परत गेला आणि बाई पायवाटेने खाली उतरल्या. नाल्याच्या वळणात, चारही बाजूंनी उंच जमिनीत ते शेडनेट एखाद्या वाटीत ठेवल्यासारखं होतं. गोकुळ खोलीच्या दारात बसला होता. आत दोन बोचकी बांधून ठेवलेली होती.

झाडं कुठे टाकलीस, असं बाईंनी विचारल्यावर तो उठला आणि त्यांना नाल्याच्या काठावर घेऊन गेला. तिथे ताजा खड्डा भरलेला दिसत होता. गोकुळने फावड्याने वरची माती बाजूला केली. खाली झाडं होती आणि झाडांवर चुन्याचा पांढरा थर होता.

बाईंनी खाली वाकून एक फांदी उचलली. शेंड्याची पानं वाटीसारखी आत वळली होती. दुसऱ्या फांदीची पानं मात्र चांगली होती.

"सगळ्यांवर रोग नव्हता."

"नाही. दोन-चार झाडांवरच होता. सरांनी सगळी काढा म्हणलं. मले वाटलं, रोग पसरू नये म्हणून म्हणत असतील." गोकुळने हात मागे घेतले. "उपटल्यावर सगळ्या बायकायले साबणानं हात धुवायले लावले. मंगच मादीकडं जाऊ देल्लं."

"चुना कुठून आणलास?"

गोकुळने मान खाली घातली. बाईंनी परत विचारलं. पडला होता इथे, असं काहीतरी पुटपुटला. आतापर्यंत सरळ बोलणारा माणूस पहिल्यांदाच डोळे चुकवत होता.

उन्ह चढलं होतं. बाईंनी फोन काढून भागवतला लिहिलं की मी शेडनेटजवळ आहे, माझं काम झालं, गाडी घेऊन ये. संदेशापाशी घड्याळाची छोटी खूण आली आणि तशीच राहिली. त्या हळूहळू पायवाट चढून रस्त्यावर आल्या तेव्हा फोन वाजला. त्यांच्या संदेशाखाली भागवतचं उत्तर आलं होतं: "बाई, चहा ठेवला आहे. येता ना?"

बाईंना गंमत वाटली. गाडी मागितली तर हा चहाला बोलावतो.

थोड्या वेळाने भागवत गाडी घेऊन आला. बाई मागे बसता बसता म्हणाल्या, "अरे, मी गाडी आण म्हणाले आणि तू चहाचं विचारतोस?"

"नाही बाई, मी तं कवाच विचारलं होतं. तुमचा मेसेज आत्ता आला. आल्याबरोबर निघालो."

बाईंनी गाडीवर टेकलेला हात उचलला आणि त्या परत खाली उतरल्या.

"तुझा फोन दाखव," त्या म्हणाल्या. "आणि हा माझा धर."

दोन्ही फोन त्यांनी शेजारी शेजारी धरले. तीच दोन वाक्यं होती. एका फोनवर आधी गाडी आणि मग चहा. दुसऱ्यावर आधी चहा आणि मग गाडी.

बाईंनी भागवतचा फोन परत दिला. मग त्यांनी त्याला विचारलं की रंगरावचा गोठा इथून किती लांब आहे.

५

रंगराव महादेवरावांचे चुलतभाऊ. धुऱ्याच्या वादापासून दोघांचं बोलणं बंद होतं आणि तारखांना दोघंही एकाच एसटीच्या दोन टोकांना बसून जात. या वेळी रंगरावांनी वकिलावर काम सोपवून घरीच राहणं पसंत केलं होतं. गुरुवारी सकाळी ते धुऱ्यावर गोकुळशी बोलताना दिसले होते. गावात त्यावरून कुजबुज सुरू झालीच होती की गड्याला त्यांनीच फितवलं.

वच्छलाबाई गोठ्यात शिरल्या. भिंती नुकत्याच चुन्याने पांढऱ्या केलेल्या होत्या, एक सोडून. चौथी भिंत अर्धीच झाली होती.

"चुना कमी पडला का रे?" बाईंनी विचारलं.

"कमी पडला नाही, द्यावा लागला." रंगरावांना बाईंच्या येण्याचं आश्चर्य वाटलं होतं, पण बोलायला माणूस मिळाला याचा आनंद जास्त होता. गोकुळ गुरुवारी सकाळी धुऱ्यावर आला, त्यांनी सांगितलं. तिथे त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि तोंड पाडून उभा राहिला. काय झालं विचारलं तर म्हणाला, नरावर कोकडा आला, सरांनी सगळे उपटायला सांगितले, टाकायला चुना असेल तर द्या. "अर्धं पोतं देल्लं. वरून मले म्हणे, महादेवभाऊले सांगू नका, तुमचं काही घेतलेलं त्याईले चालत नाही."

"हे महादेवला कोणी सांगितलं का?"

"कोण सांगणार? त्यानं मले इचारलं काय? तीन वर्सांपासून मले 'काऊन बे' म्हणूनही इचारलं नाही त्यानं."

बाईंनी त्यांना संध्याकाळी ओसरीवर यायला सांगितलं. महादेवही असेल, हेही सांगितलं. रंगरावांनी तोंड वाकडं केलं.

"तू माझ्याकडे चौथीत होतास तेव्हाही असंच तोंड करायचास," बाई म्हणाल्या. "ये. आणि फोन घेऊन ये."

६

संध्याकाळी मुलांच्या सतरंजीवर मोठी माणसं बसली. महादेवराव भिंतीला टेकून. रंगराव दुसऱ्या टोकाला. शेखर दाराजवळ, जायच्या तयारीत. भागवत मधे. गोकुळ आला नव्हता. माझं बोलणं एकदा झालं, परत बोलून काय होणार, असं म्हणून त्याने पुष्पांजलीच्या हाती नुसता आपला फोन पाठवला होता. तिने तो फोन सतरंजीवर ठेवला आणि खांबाजवळ उभी राहिली.

"मी आधी झाडांबद्दल बोलते," बाई म्हणाल्या. वर्गात नवा धडा सुरू करावा तसा त्यांचा आवाज होता. "भागवतने काम झालेले नर उपटले आणि धुऱ्यावर टाकले. ते शेळ्यांनी खाल्ले. गोकुळने उपटलेले नर मात्र खड्ड्यात आहेत आणि त्यांच्यावर चुना आहे. शेखर, चुना कधी टाकतात?"

"रोग असला की."

"बायकांना साबणाने हात धुवायला कधी लावतात?"

"रोग पसरू नये म्हणून."

"प्लॉट बिघडवायला निघालेला माणूस उन्हात खड्डा खणत बसेल का? मादीची झाडं वाचावीत म्हणून हात धुवून घेईल का? ज्याने हे केलं तो प्लॉट वाचवत होता. निदान त्याला तसं वाटत होतं."

महादेवराव म्हणाले की चुना नंतरही टाकता येतो. बोंबाबोंब झाल्यावर.

बाईंनी रंगरावांकडे पाहिलं. रंगराव जमिनीकडे पाहून बोलले, कोणालाही उद्देशून नाही. चुना सकाळी दिला. झाडं उपटायच्या आधी. रोगाचं आणि सरांनी सांगितल्याचं गोकुळ तेव्हाच म्हणाला होता.

महादेवरावांनी तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवली, आणि लगेच परत फिरवली.

"मंग सरांनी सांगतलं कवा?" ते म्हणाले. "शेखर खोटा हाय काय? का माह्या फोनातला ग्रुप खोटा हाय?"

"शेखर खरं बोलतो. तुझा फोनही खरा आहे. आणि गोकुळही खरं बोलतो." बाईंनी गोकुळचा फोन उचलून महादेवरावांच्या हातात दिला. "हा फोन त्याने तुझ्यापुढे धरला होता ना? आता पाहा. आणि मोठ्याने वाच."

महादेवरावांनी चष्मा लावला. ग्रुप तोच होता. भागवतचा प्रश्न वर होता. त्याखाली गोकुळचा फोटो, पानं गोळा झालेल्या झाडाचा. "नरावर कोकडा दिसून राह्यला. झाडं काढू का?" आणि त्याच्या लगेच खाली शेखरचं उत्तर.

"हो. आजच सगळे उपटून टाका. एकही ठेवू नका."

महादेवराव थांबले. त्यांनी आपला फोन काढून शेजारी धरला, मग शेखरचा मागितला, मग भागवतचा. तिन्हींत गोकुळचा फोटो खाली होता. एकट्या गोकुळच्या फोनात तो वर होता.

"यानं काही केलं काय याच्यात?"

"काही नाही केलं," बाई म्हणाल्या. "तो खाली खोलगटात उभा होता. तिथे रेंज नाही हे तुला माहीत आहे, तू स्वतः फोन करायला धुऱ्यावर चढलास. त्याने प्रश्न लिहिला, फोटो जोडला आणि पाठवला. त्याच्या फोनात तो लिहिला तेव्हाच्या जागी बसला. पण बाहेर गेला नाही, फोटो जड असतो. तेवढ्यात शेखरने भागवतला उत्तर दिलं. गोकुळ धुऱ्यावर आला तेव्हा ते उत्तर त्याच्या फोनात येऊन पडलं, त्याच्या प्रश्नाखाली. त्याला वाटलं, आपल्यालाच सांगितलं. दुपारी बायकांना सोडायला तो रस्त्यावर गेला, तेव्हा कुठे त्याचा फोटो निघाला आणि तुमच्याकडे पोचला. तुम्हाला वाटलं, याने नंतर विचारलं."

मग त्यांनी गाडी आणि चहाची हकिगत सांगितली. भागवतने आपला फोन पुढे करून साक्ष दिली. शेखर दाराजवळून उठून सतरंजीवर येऊन बसला होता.

"म्हणजे माझ्या उत्तराने झालं," तो हळूच म्हणाला.

"तुझं उत्तर बरोबर होतं. फक्त ते कोणाचं आहे, हे त्यात नव्हतं." बाई म्हणाल्या. "मी पोरांना सांगते, उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. त्यांना वाटतं, बाई उगाच लिहायला लावतात. नुसतं 'हो' लिहिलं तर काय बिघडतं? समोर बसून बोलताना काही बिघडत नाही. पण कागद माझ्याकडे एकटा येतो. पोरगं सोबत येत नाही. प्रश्नही सोबत येत नाही. तू लिहिलं असतंस, 'भागवत, तुमचं क्रॉसिंग संपलं आहे, तुमच्या प्लॉटमधले सगळे नर आज उपटा,' तर ते वर बसलं असतं काय आणि खाली बसलं असतं काय, गोकुळने एका झाडाला हात लावला नसता."

शेखरने फोन काढला. त्याने तो सुलतानपूरच्या एका प्लॉटवाल्याला लावला. तिथे नराची हीच जात होती. उद्या सकाळी पराग काढून थंड डब्यात घेऊन येतो, निम्मं क्रॉसिंग तरी वाचेल, असं त्याने महादेवरावांना सांगितलं. साहेबांना काय झालं ते जसंच्या तसं लिहीन, स्वतःच्या नावासकट.

महादेवराव मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष गोकुळच्या फोनकडे होतं.

७

"ग्रुपवर टाकतो," महादेवराव म्हणाले. गोकुळ खोटारडा आहे हे त्यांनी गुरुवारी ग्रुपवरच लिहिलं होतं. त्यामुळे आता तिथेच लिहिणं भाग होतं.

त्यांनी लिहून बाईंना दाखवलं. "गैरसमज झाला होता. आता मिटला आहे."

बाईंनी वाचून फोन परत दिला. महादेवरावांनी ते पुसलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. वेळ लागत होता. रंगरावांनी तंबाखू मळून खाल्ली. बाहेर कोणीतरी बैलं घरी नेत होतं. कोणीही घाई केली नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी फोन दाखवला नाही, सरळ वाचून दाखवला.

"सर्वांना, महादेवरावकडून. माझ्या प्लॉटमधले नर गोकुळने शेखर सरांचं उत्तर आपल्याला आहे असं समजून उपटले. ते उत्तर भागवतला होतं. गोकुळने सकाळीच विचारलं होतं, त्याचा मेसेज आपल्याला उशिरा आला. तो खोटं बोलला नाही. मी त्याचा फोन न पाहता त्याला खोटं ठरवलं. गोकुळ, तू रविवारी जाऊ नको. माझ्या प्लॉटवर तूच राहायचं आहेस."

"आता पाठव," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाठवलं. शेखरचा फोन वाजला, भागवतचा वाजला, रंगरावांचा वाजला. आणि सतरंजीवर ठेवलेला गोकुळचा फोनही वाजला.

सगळ्यांनी त्याकडे पाहिलं. निरोप पोचला होता. ज्याला पोचायचा तो माणूस खाली नाल्याच्या वळणात बोचकी बांधून बसला होता.

महादेवरावांनी तो फोन उचलला, चपला घातल्या आणि पायऱ्यांकडे वळले. पुष्पांजली त्यांच्या मागे निघाली. रंगरावांच्या जवळून जाताना महादेवराव किंचित थबकले.

"चुन्याचं पोतं आणून देईन," ते म्हणाले.

"अर्धंच होतं," रंगराव म्हणाले.

शेडनेटपाशी पोचले तेव्हा उजेड अजून होता. गोकुळ मादीच्या रांगांना पाणी सोडून उभा होता. जायचं होतं तरी पाणी द्यायचं राहिलं होतं म्हणून. पुष्पांजलीने उद्या सुलतानपूरहून पराग येणार असल्याचं सांगितलं आणि महादेवरावांनी फोन त्याच्या हातात दिला. गोकुळने ओले हात पँटला पुसले आणि वाचलं. ओठ हलवत, शब्द शब्द. वाचून झाल्यावर वरून परत एकदा वाचलं.

"हो," तो म्हणाला.

महादेवराव तिथेच उभे राहिले. पुढे काही येईना, तेव्हा म्हणाले, "हो म्हंजे काय बे? मले नीट सांग."

गोकुळने फोन खिशात ठेवला. "हो, मी राह्यतो इथीच. पन भाऊ, उद्या सुलतानपूरचा पराग येईन तं टोळीतल्या बायकायले आत्ताच सांगा लागीन."

"मी टाकतो ग्रुपवर."

"नका टाकू," गोकुळ म्हणाला. "पुष्पांजली घरोघरी जाऊन सांगते."